गाण्यात गोधडी घेऊन उभे राहिलेले व्याही

माझे व्याही मंगळवारी गेले. दुपारचे चार वाजले होते. जावयाचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते.

सबंध सुरतेत गाण्यांचे व्हिडिओ इतक्या धास्तीनं पाहणारा दुसरा माणूस झाला नसेल, हे मी पूर्वी हसत सांगायचे. भुताच्या सिनेमात ते खुशाल घोरत. पण एखादी मुलगी घोळदार झगा घालून मेणबत्त्यांमधून गुणगुणत चालायला लागली, की हे खुर्चीच्या कडेला सरकत, दोन्ही हातांनी गुडघे धरत आणि स्क्रीनला सांगत, "मांगे सरक, माय. मांगे सरक." मुलगी अर्थातच मागे सरकत नसे. गाणं संपेपर्यंत चहावर साय धरलेली असे, आणि मुलगी सुखरूप आहे याची खात्री पटावी म्हणून ते तोच व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावत.

ते मूळचे अमळनेरकडचे. तरुणपणी सुरतेला आले आणि छत्तीस वर्षं कापडाच्या मिलमध्ये चेकिंगला होते. उजेडाच्या टेबलावरून कापड सरकत राहतं आणि माणूस त्यातली खोट शोधतो, ते काम. खोट दिसली की त्या जागी काठाला लाल दोऱ्याची गाठ मारायची आणि पुढं जायचं. निवृत्त झाल्यावर टेबल सुटलं, दोरा सुटला नाही. डिंडोलीच्या त्यांच्या घरात जिन्याच्या हलत्या कठड्याला लाल दोरा होता, शेगडीच्या जुन्या नळीला होता, छत्रीच्या मोडक्या काडीला होता. एकदा मी त्यांच्याकडून अडाजणला घरी परतले आणि पाहते तो माझ्या चपलेच्या अंगठ्याला लाल दोरा. चप्पल त्याच आठवड्यात भर बाजारात तुटली. "मग तोंडानं सांगायचं ना," असं मी पुढच्या भेटीत म्हटलं, तर ते म्हणाले, "विहीणबाई, चेकिंगवाल्यानं ओरडायचं नसतं. ओरडलं की मशीनवरच्या माणसाचा हात थरथरतो, मग तो चांगला तागाही बिघडवतो. आपण खूण करायची. बघणारा बघतो."

त्यांची दुसरी खोड काडेपेटीची. कापड ओळखायचं तर त्यातला एक धागा काढून पेटवायचा, ही सुरतेतली जुनी रीत. सुती असेल तर जळक्या कागदाचा वास येतो आणि राख होते. पॉलिएस्टर असेल तर धागा आक्रसतो, वितळतो आणि टोकाला काळा, कडक मणी उरतो. आमची ओळखच या परीक्षेतून झाली. माझ्या लेकीच्या साखरपुड्यात मी मानाचा म्हणून त्यांना शर्टपीस दिला. त्यांनी कुंकवाचं बोट लावलेलं ते पाकीट उघडलं, कडेचा धागा उपसला, समईवर धरला, वास घेतला आणि भरल्या घरात मला म्हणाले, "दुकानदारानं फसवलं तुम्हाला. सुती सांगून दिलं ना? निम्मं पॉलिएस्टर आहे." माझ्या विहीणबाई, म्हणजे त्यांची बायको, तेव्हा हयात होत्या. त्या पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "मनावर घेऊ नका. बोहल्यावर माझ्या शालूचाही धागा ओढला होता यांनी." घरी आल्यावर माझे यजमान म्हणाले, "पोरगा चांगला आहे. बापाला समईपासून लांब बसवत जा."

व्हिडिओंचं खूळ आलं ते आमच्या नातीमुळं. सायली ही आम्हा दोघांची एकुलती नात. गाणी स्वतः लिहिते, चालही स्वतः लावते. कॉलेज संपल्यावर नोकरी बघणार नाही, गाणी करणार, असं तिनं जाहीर केलं. घरात बरीच बोलाचाली झाली. मग तिनं टॅब्लेटवर पन्नासेक नवी गाणी भरून माझ्यापुढं आणि तिच्या आबांपुढं ठेवली. "आधी बघा, मग बोला," म्हणाली. तोवर माझे यजमान गेले होते, विहीणबाईही गेल्या होत्या. मी दर रविवारी बसनं डिंडोलीला जाई. जेवणं झाली की टॅब्लेट पोह्यांच्या डब्याला टेकवून आम्ही दोघं शिकायला बसल्यासारखे बसत असू.

मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेली, त्यामुळं माझं लक्ष शब्दांकडं. या गाण्यांतली मुलं मला फार एकटी वाटली. गादी जमिनीवर, भिंतीवर पिवळा उजेड, आणि हातातला चहा कुणीच पुरता पीत नाही. एक मुलगी कपड्यांसकट टबात बसते आणि पाण्यावर झेंडू तरंगत असतात. एक मुलगा टाकीच्या कठड्यावर पाय सोडून गिटार वाजवतो. कुणी बंद पडलेल्या कारखान्यातून रंगीत धुराच्या कांड्या घेऊन पळतं. दुःख कशाचं, ते सांगत नाहीत. सुरुवातीला मला हे सगळं वरवरचं वाटलं. मग एका रविवारी एक गाणं लागलं, त्यात एक मुलगा चार मिनिटं फक्त आईच्या साड्यांच्या घड्या घालतो. बाकी काही नाही. शेवटची घडी कपाटात ठेवतो आणि दार लावून घेतो. मी चष्मा पुसायला उठले. माझ्या घरी यजमानांचे शर्ट तेव्हा हँगरवरच होते. व्याही म्हणाले, "घडी चुकतोय तो. काठ आत जायला पाहिजे." थोड्या वेळानं म्हणाले, "पण कापड सुती आहे सगळं. हे गाणं चांगलं."

त्यांच्या लेखी गाण्याचे दोनच प्रकार होते, पेटणारं आणि न पेटणारं. पेटणारं असेल तर ते खाली प्रतिक्रिया लिहीत. एका बोटानं, चष्मा कपाळावर ढकलून, हिंदीत: 'बेटी, गाना अच्छा है. दुपट्टा पॉलिएस्टर है. दिये से तीन हाथ दूर रहना.' खाली आपलं गाव आणि 'रिटायर्ड चेकिंग'. ही त्यांची लाल दोऱ्याची गाठ. लोक हसरी तोंडं टाकत. एकदा खुद्द गाणाऱ्या मुलीनं उत्तर दिलं, 'अंकल, कॉटन था.' दोन दिवस ते सगळ्यांना सांगत सुटले, दूधवाल्यालाही सांगितलं. तिसऱ्या दिवशी मला फोन केला. "खोटं बोलली हो पोरगी. सुतीला असा झोक नसतो. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून बोलली."

मी एकदा विचारलं, की एवढी भीती कशाची. ते म्हणाले, "सुती पेटलं तर झटकता येतं, विहीणबाई. हे झटकलं जात नाही. चिकटतं. मी पाहिलंय एकदा."

"कुणाचं?"

"होता एक जण. माझ्या पाळीत होता." आणि त्या दिवशी त्यांनी चहा गरम असतानाच संपवला. मी पुढं विचारलं नाही. पण तेव्हापासून देवापुढं निरांजन लावताना मी पदर खोचायला लागले. चाळीस वर्षं कधी खोचला नव्हता.

सायलीनं पहिल्या गाण्याचा व्हिडिओ करायचं ठरवलं. दिवाळीतल्या उरलेल्या पणत्या तिनं साऱ्या सोसायटीतून गोळा केल्या. जागा गच्ची, वेळ सूर्य बुडतानाची, आणि अंगावर केशरी जॉर्जेटचा झगा, मागं दोन हात लोळणारा. आबांनी तो पाहिला आणि काडेपेटी काढली.

"आबा, प्लीज ने," सायली तिच्या गुजराती वळणानं म्हणाली. "मला माहितेय तो काय आहे."

त्यांनी तरी धागा पेटवला, गार होऊ दिला आणि काळा मणी तिच्या तळव्यावर ठेवला. "सुती घाल."

"सुती उडत नाही, आबा. कॅमेऱ्यात खिडकीचा पडदा दिसतो."

"पडदा दिसू दे."

"तुम्हाला माझं गाणंच नकोय. सरळ सांगा ने."

ते माझ्याकडं वळले. "विहीणबाई, तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्ही सांगा हिला."

मलाही भीती वाटत होती. पण पोरीचं तोंड एवढंसं झालं होतं, आणि पुस्तकं वाचलेल्या माणसानं तरुणांच्या बाजूनं बोलावं असं मला वाटत आलं आहे. मी म्हटलं, "करू द्या तिला मनासारखं. आपल्या भीतीपायी तिचं गाणं अडायला नको."

"तुम्ही म्हणता तर," असं म्हणून ते उठले आणि बादल्या शोधायला लागले.

त्या दिवशी गच्चीवर दीडशे पणत्या होत्या, चार भरलेल्या बादल्या होत्या आणि कोपऱ्यात माझे व्याही होते. हातात विहीणबाईंनी आपल्या सुती लुगड्यांची शिवलेली गोधडी, पाण्यात भिजवलेली. कॅमेरावाला मित्र त्यांना म्हणाला, "दादा, थोडं मागं, फ्रेममध्ये येताय." ते एक पाऊल मागं गेले आणि त्यानं पाठ फिरवताच एक पाऊल पुढं आले. असं चार-पाच वेळा झालं. मी जिन्याच्या दाराशी बसले होते. दोनदा सायली पणत्यांमधून नीट चालत गेली. तिसऱ्यांदा वारा फिरला. तिचा झगा फुगला, मागचं टोक पणत्यांवरून घसरलं, आणि ज्या माणसाला जिना चढायला दहा मिनिटं लागली होती तो तीन ढांगांत तिच्यामागं पोचला. गोधडी झग्याच्या टोकावर टाकून त्यांनी दोन्ही हातांनी दाबली. मग ती उचलून उभे राहिले. गोधडीतून पाणी ठिबकत होतं. वीसेक पणत्या विझल्या. सायलीनं वळून पाहिलं.

"काय झालं आबा? पेटलं होतं का काही?"

"नाही. वारा आला."

"मग?"

"मला भीती वाटली."

सूर्य गेला होता. पुन्हा काही घेता येणार नव्हतं. मित्रांदेखत सायली म्हणाली, "भीतीशिवाय तुम्हाला दुसरं येतं तरी काय?" आणि मीही, जिन्यातून त्यांना आधार देऊन उतरवताना, म्हटलं, "उगाच केलंत तुम्ही." सायलीनं बोळा करून टाकलेला ओला झगा त्यांनी मागून घेतला. "धुवून देतो," म्हणाले. तो परत आला नाही. सायली म्हणे, आबांनी जप्त केला. पुढच्या रविवारी त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना हळद लावलेली दिसली. मी विचारलं तर म्हणाले, "तवा लागला."

पंधरा दिवस नात आजोबांशी बोलली नाही. मग व्हिडिओ जोडायला बसली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की साऱ्या चित्रणात तिचा चेहरा खरा दिसतो तो एकाच ठिकाणी, ती वळून पाहते तिथं. तिनं ते तसंच ठेवलं. त्यामुळं गाण्याच्या शेवटी केशरी झग्यातली मुलगी मागं वळते आणि तिच्यामागं, विझलेल्या पणत्यांत, बंडी घातलेला एक म्हातारा ओली गोधडी धरून उभा असतो. लोकांना ते फार आवडलं. म्हाताऱ्याचा अर्थ काय, यावर खाली वाद लागले. त्या रविवारी टॅब्लेट डब्याला टेकवून व्याही एकेक वाचत होते. "विहीणबाई, मी काळ आहे म्हणे." आणखी खाली जाऊन, "इथं एक जण म्हणतो, मी तिचा भूतकाळ आहे." मग स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, "ही एक मुलगी लिहिते, तो म्हातारा म्हणजे भीती. हिला कळलं."

त्या दिवशी सायली मागून आली, त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकवून वाचत राहिली. म्हणाली, "आबा, तुम्ही माझ्यापेक्षा फेमस झालात." त्यांनी तिच्या कुडत्याची बाही चिमटीत धरून पाहिली. सुती होती.

हे सगळं गेल्या हिवाळ्यातलं.

तेरावं झाल्यावर लेक आणि मी त्यांची ट्रंक उघडली. वर धोतरं, बंड्या, काडेपेट्यांचं पुडकं. तळाशी केशरी झगा होता, धुतलेला, काठ आत घेऊन नीट घडी घातलेला. मी तो उलगडला. मागच्या टोकाला लाल दोऱ्याची गाठ होती. गाठीखाली चार बोटं काठ वितळून आक्रसला होता आणि त्याच्या कडेला काळे मणी होते. मी त्यावरून बोट फिरवलं. ते कडक होते.

"काय गं आई?" लेकीनं विचारलं.

"झगा आहे. मी नेते घरी."

सायलीला मी सांगितलेलं नाही. सांगावं असं रोज सकाळी वाटतं, आणि संध्याकाळपर्यंत वाटत नाही. ती आता दुसऱ्या गाण्याच्या तयारीत आहे. हजिऱ्याकडच्या किनाऱ्यावर शेकोटी पेटवून, तिच्याभोवती गायचं आहे. परवा तिचा फोन आला. "आजी, तू येशील ना? आबा असते तर बादल्या घेऊन आले असते." मी म्हटलं, येते. अंगावर काय घालणार, ते विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही.

ते गाणं मी अजून पाहते. शेवट येतो, तेव्हा खुर्चीच्या कडेला सरकते. ते तिथं उभे असतात. झगा माझ्या कपाटात आहे. गोधडी जावयानं मला दिली आहे, ती मी पिशवीत भरून दाराशी ठेवली आहे.