राजीनाम्याआधीचा अर्ज

वाळूजच्या एका पुठ्ठ्याच्या कारखान्यात मी सोळा वर्षं बॉयलर सांभाळला. पाळीत आम्ही दोघं. दुसऱ्याला इथं जोडीदारच म्हणतो, कारखान्यातही आम्हाला सगळे तेच म्हणायचे. तो देवगाव रंगारीकडचा. त्याचे वडील मेंढरं राखायचे. त्यांच्यासारखीच तोंडात बोटं घालून तो अशी शिट्टी मारायचा की मशीनच्या आवाजातही पार गेटपर्यंत ऐकू जायची. माझ्या बायकोला मीठ कमी खायला सांगितलंय हे कळल्यापासून त्याची बायको त्याच्या डब्यात एक छोटी डबी वेगळी द्यायची, तिच्यासाठी अळणी शेंगदाण्याची चटणी. ती डबी मी घरी न्यायचो आणि दुसऱ्या दिवशी धुऊन परत आणायचो.

माझ्या बायकोच्या हृदयाची एक झडप अरुंद झाली होती. लहानपणी गावात ताप आला, अंगावर काढला, त्याचं हे पुढं निघालं. डॉक्टर म्हणाले होते, आत्ता गोळ्यांवर चालेल, पण कधीतरी ऑपरेशन करावं लागेल. आम्ही निर्धास्त होतो. कंपनीचा विमा होता, त्यात तिचं नाव होतं. मी बावन्न वर्षांचा, अठ्ठावन्नपर्यंत नोकरी. तेवढ्यात होऊन जाईल, असं आम्ही धरून चाललो होतो.

मग ते दुष्काळाचं वर्ष आलं. तेव्हा शहराला आम्ही औरंगाबादच म्हणत होतो. जायकवाडी पार तळाला गेली. कारखान्यांचं पाणी कापलं. मी राहायचो त्या शहराच्या कडेच्या सातारा परिसरात तर नळ नव्हताच. नव्या इमारती मात्र रोज एका मजल्यानं वर चढत होत्या आणि आम्ही रस्त्यावर ड्रम मांडून टँकरची वाट बघत बसायचो. बादल्या मी भरायचो. बायकोला जिना चढतानाही आता मधे थांबावं लागत होतं.

एका दुपारी साहेबांनी आम्हाला कँटीनमध्ये बोलावलं. दोनपैकी एक बॉयलर बंद करणार होते. साहेब म्हणाले, "पाणीच नाही तर वाफ कशाची करणार? आपखुशीनं राजीनामे द्या. शनिवारपर्यंत सगळ्यांचा हिशोब मिळेल." तो सोमवार होता. जोडीदारानं तिथंच पेन मागितलं. मला म्हणाला, "आज ना उद्या जायचंच हाय. लटकत कशाला ऱ्हायचं?"

मी सही केली नाही. वर पर्सनल खात्यात गेलो. तिथं एक क्लार्क बाई होत्या, दवाखान्याच्या बिलांचे कागद त्याच बघायच्या.

"मॅडम, विमा कधीपर्यंत चालतो?"

"शेवटच्या दिवसापर्यंत," त्या म्हणाल्या. माझ्या बायकोची फाईल त्यांना पाठ होती. हातातला कागद बाजूला ठेवून म्हणाल्या, "काका, एक करता येतं. नोकरी सुटायच्या आत विमा कंपनीकडं अर्ज टाका, की आम्हाला हाच विमा स्वतःच्या नावावर चालू ठेवायचाय म्हणून. मग मागची वर्षं धरतात. एकदा सुटलात आणि नंतर नवा काढायला गेलात, तर जुना आजार पहिली काही वर्षं धरणार नाहीत. अर्ज टाकूनही देतीलच असं नाही. पण अर्ज आधी जायला पाहिजे."

रिपोर्ट गोळा करायला, तपासण्या करायला मला पाच दिवस पुरणार नव्हते. मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. हात जोडले की नाही, आठवत नाही. जोडले असतील. म्हणालो, "एक महिना द्या. गेटवर टँकरच्या नोंदी ठेवतो, सांगाल ते करतो." टँकर मोजायला त्यांना माणूस हवाच होता. ते हो म्हणाले.

त्या संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये जोडीदार माझ्याशेजारी बसला होता. त्याला शुगर होती, चांगली दहा वर्षांपासूनची. त्याच्याही घराला हाच विमा होता. तो फक्त गोळ्या घ्यायचा, तपासण्या फारशा नव्हत्याच. शनिवारपर्यंत त्याचा अर्ज सहज गेला असता. मला ते तेव्हाच, बसमध्येच कळत होतं.

"वर कशाला गेला व्हतास?" त्यानं विचारलं.

"महिनाभर टँकर मोजायचं काम मिळतंय का बघितलं," मी म्हणालो.

"मिळालं?"

"मिळालं."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि खिडकीला डोकं टेकून झोपला.

बाईंनी मला गप्प राहायला सांगितलं नव्हतं. माझ्या मनात एवढंच होतं, की हा उद्या वर गेला, याच्यामागं आणखी चौघं गेले, तर साहेब वैतागतील आणि माझाही महिना काढून घेतील. शनिवारपर्यंत आम्ही रोज एकत्र जेवलो. रोज ती छोटी डबी मी घरी नेली. शनिवारी त्यानं बॉयलरच्या दाराला हात लावून नमस्कार केला आणि गेला.

अर्ज भरायला ओळखीचा एक एजंट घरी आला. आजाराच्या रकान्याशी आल्यावर म्हणाला, "वहिनींच्या झडपेचं लिहू नका. उगाच अडकेल." मी तयार होतो. बायको चहा घेऊन आली होती, तिनं कप खाली ठेवले.

"लिवा," ती म्हणाली. "छातीला कान लावला तर कुणालाबी ऐकू येतं ते. लपवून काय करायचं?"

आम्ही सगळं लिहिलं. त्यांच्या डॉक्टरकडं तपासण्या झाल्या. महिना संपला, नोकरी सुटली, तरी उत्तर आलं नव्हतं. ते दिवस फार वाईट गेले. रात्री ती खोकली तरी मी उठून बसायचो. अखेर पत्र आलं. हप्ता वाढवून, पण मागची वर्षं धरून विमा चालू ठेवला होता. झडपही त्यात धरली होती. मी ते पत्र दोनदा वाचून दाखवलं. बायको म्हणाली, "जोडीदार भावजींचं काय झालं वो?" मी म्हणालो, "बघितलं असंल त्यानंबी."

पुढं मी ठेकेदाराकडं लागलो, मग एका हॉटेलच्या बॉयलरवर, मग आणखी एकीकडं. विमा कुठंच नव्हता. आमचा तो मात्र मी तुटू दिला नाही. जोडीदार बीड बायपासला एका नव्या टॉवरवर वॉचमन झाला. त्याला कडक बूट दिले होते. बुटानं पायाला फोड आला. शुगरच्या माणसानं त्याच दिवशी दवाखान्यात जायला हवं, पण खाजगीत खर्च येतो आणि सरकारी दवाखान्याच्या रांगेत दिवसाचा खाडा पडतो, म्हणून तो मेडिकलमधून मलम आणून लावत राहिला. मला कळलं तेव्हा सरकारी दवाखान्यात त्याची दोन बोटं काढली होती. पुढच्या वर्षी अर्धं पाऊल गेलं.

त्यानंतर काही महिन्यांनी माझ्या बायकोची झडप बदलली. विम्यातून झालं. जोडीदार तिला बघायला आला, काठी टेकत, खास बूट घालून. तिला झोप लागली होती, म्हणून आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो.

"नोकरी सुटली तरी तुझा इमा कसा काय ऱ्हायला?" त्यानं सरळ विचारलं. मनात काही धरून नव्हे, नवल म्हणून.

खोटं बोलायला मला जागा होती. नंतर कळलं, तेव्हा उशीर झाला होता, असं म्हणता आलं असतं. पण मी सांगितलं. सोमवार सांगितला, बाई सांगितल्या, बसमध्ये मी काय बोललो नाही ते सांगितलं. सांगताना त्याच्या पायाकडं बघवत नव्हतं.

त्यानं बाकाला टेकवलेली काठी हातात घेतली.

"मी तुला सांगितलं असतं रे," एवढंच म्हणाला. मग उठताना म्हणाला, "माझ्या घरी हे बोलू नको. तिनं तुमच्यासाठी लई केलंय. तिला नाय सोसायचं."

मी तिथंच बसून राहिलो. आत जायचं धैर्य होईना.

माझ्या बायकोला मी ती घरी आल्यावर सगळं सांगितलं. ती भांडली नाही. आठ दिवस मात्र माझ्याशी कामापुरतंच बोलली. मग म्हणाली, "आता जे करता येईल ते करा." जोडीदाराच्या रेशनकार्डावर सरकारी योजनेतून उपचार होतात हे मी शोधून काढलं, कागद गोळा केले, पुढं दोनदा तो दवाखान्यात दाखल झाला तेव्हा सोबत गेलो. त्यानं येऊ दिलं. पूर्वीसारखं बोलणं मात्र राहिलं नाही. विचारलं तेवढ्याचं उत्तर देतो.

त्याच्या घरी गेलो की त्याची बायको चहा ठेवते. दर वेळी म्हणते, "भावजी, तुम्ही व्हते म्हणून. नायतर आम्हाला कोण सांगणार व्हतं हे सगळं?" तो समोर खाटेवर बसलेला असतो, टीव्हीकडं बघत. मी मान हलवतो आणि चहा पितो.