सावलीच्या खिडकीला ऑफिस टाइम

रोपवाटिकेत तिला सगळे ऊनमावशी म्हणत. गिऱ्हाईक काहीही मागो, तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे: खिडकीत ऊन किती वाजता येतं आणि किती वाजता जातं? उत्तर मिळेपर्यंत ती कुणाला रोपाला हात लावू देत नसे. लोकांना आधी रंग सांगायची घाई. ती रंगाकडे काणाडोळा करी. एकवीस वर्षांत तिच्या हातचं एकही रोप चुकीच्या खिडकीत गेलं नव्हतं. याचा तिला ताठा होता, आणि तो शोभतही होता.

एका सकाळी तिथे अर्जदार आला. हे नाव तिनेच ठेवलेलं. तिच्या आईच्या खालच्या मजल्यावर तो राहायचा आणि लिफ्टच्या दारापासून पोरांच्या पावलांपर्यंत कशाबद्दलही अर्ज करायचा. जिना चढून दोन शब्द बोलणं मात्र त्याला कधी जमलं नाही. शेवटचा अर्ज आईच्या खिडकीतल्या लांबट कुंडीबद्दल होता. पाणी टपकतं, वाळत घातलेले कपडे भिजतात. सोसायटीच्या कमिटीने माणसं पाठवून कुंडी स्टँडसकट उतरवली. आई तीन वर्षं अंथरुणाला खिळलेली. तिला दिसायचं ते तेवढंच. त्यानंतर ती कूस बदलून भिंतीकडे तोंड करून पडली, ती उठवेपर्यंत तशीच. दोन महिन्यांनी तिला उठवलं ते चौघांनी.

बारा वर्षं मावशीने हे पोटात ठेवलं होतं. त्याला पाहताच तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने तिला ओळखलंसुद्धा नाही, याने तर अंगाची लाहीलाही झाली.

त्याला नव्या घराच्या खिडकीसाठी फुलझाडं हवी होती. खिडकी उत्तरेला, समोर उंच इमारत, ऊन असं येतच नाही, हे त्याने न विचारताच सांगून टाकलं. अर्ज लिहिणारा माणूस, तपशिलात कधी चुकायचा नाही. असल्या खिडकीला काय द्यावं हे मावशी झोपेतही सांगू शकली असती. ती साळसूदपणे चिनी गुलाबाच्या वाफ्याकडे गेली. दहाच्या उन्हात फुलतो म्हणून लोक त्याला ऑफिस टाइम म्हणतात. ऊन नसलं तर कळी डोळा उघडत नाही. तिने कळ्यांनी गच्च भरलेली सहा रोपं निवडली आणि छान बांधून दिली. दिवसभर ती गुणगुणत होती. डाव साधला होता.

आठ दिवसांनी तो परत आला. आता कसा पाय आपटत येतो, म्हणून मावशी कंबर कसून उभी राहिली. पण तो भांडला नाही. आणखी सहा रोपं मागू लागला.

“उमलली का?” तिने विचारलं.

“नाही अजून. पण बायको अंथरुणावर असते. सकाळपासून त्यांच्याकडेच बघत बसते. म्हणते, आज नाही तर उद्या उमलतील.”

मावशीने रोपांकडे नेलेला हात मागे घेतला. जिच्यासाठी सूड उगवला, तिच्यासारखीच दुसरी एक त्या सुडाकडे डोळे लावून पडली होती. मग तिला राग आला, त्याचाही आणि स्वतःचाही. एकवीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या हातून रोप चुकीच्या खिडकीत गेलं होतं, आणि तेही जाणूनबुजून.

त्याच्याकडून पत्ता घेऊन दुपारी ती स्वतः त्याच्या घरी गेली. उन्हावाचून फुलणारे बेगोनिया घेऊन. चिनी गुलाब उपटले, माती बदलली, कुंडी पलंगावरून आणखी नीट दिसेल अशी सरकवली. बाई उशीवर मान वळवून प्रत्येक फूल न्याहाळत राहिली. अर्जदार मागे हात बांधून उभा होता. त्याने खिडकीतून खाली वाकून पाहिलं.

“खाली तळाला ताटली नाही ठेवत? पाणी टपकेल, खालच्यांचे कपडे असतात.”

मावशीने हात झटकले. बारा वर्षं घोळवलेल्या शिव्यांतली एकही तिला आठवली नाही.

“टपकेल,” ती म्हणाली. “आईच्या कुंडीतूनही टपकायचं. तुमच्या कपड्यांवर. खालच्यांना वर येऊन बोलायला सांगा, अर्ज करू नका म्हणावं.”

त्याने तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. चेहरा उतरला. पलंगावरून बाईने विचारलं, काय झालं? उत्तर त्यालाच द्यायचं होतं. मावशी पिशवी उचलून निघाली.