क्राउनच्या कडेवरचं अक्षर

माझी जीप हौसेची नाही. साताऱ्याच्या डोंगरात आमच्या गावाच्या वर एक वाडी आहे. तिथून सकाळी दुधाचे कॅन आणि कॉलेजच्या मुली खाली आणायच्या, संध्याकाळी मुलींना वर सोडायचं, हा माझा धंदा. पावसाळ्यात त्या चढाला दुसरी गाडी जात नाही. जीप चार दिवस बंद राहिली की वाडीतले आईबाप म्हणायला लागतात, राहू दे आता कॉलेज. एका मुलीचं तसं झालंही आहे.

त्यामुळे उन्हाळ्यात मागच्या एक्सलमधून आवाज यायला लागला तेव्हा मी थांबले नाही. दोन चाकांच्या मधल्या लोखंडी गोळ्यात, म्हणजे डिफरन्शियलमध्ये, क्राउन आणि पिनियन ही दातेरी चाकांची जोडी असते. गाडीचा सगळा जोर तिच्यावर. माझी जोडी झिजली होती. कंपनीची नवी परवडत नव्हती. बाजारातली स्वस्त नक्कल चढावर मोडते, हे मी इतरांच्या गाड्यांत पाहिलं होतं. उरली लष्कराच्या मोडीत निघालेल्या जीपची, जुनी पण अस्सल.

माझा धाकटा दीर आर्मीत गाड्यांचा मेकॅनिक होता. गाडीचं काहीही असलं की त्याला विचारायचं, ही घरची रीत. त्यालाच घेऊन सांगलीला भंगारवाल्याकडे गेले.

जोडी मीच निवडली. दोन्हींवर एकच नंबर हवा, कारण त्या एकमेकींबरोबर घासून बसलेल्या असतात; वेगवेगळ्या जोडल्या तर एकमेकींचे दात खातात. दात तापून निळे पडलेले नकोत. आणि पुढच्या एक्सलइतकेच दात हवेत, नाहीतर चढावर चारी चाकांना जोर दिला की पुढची-मागची भांडतात. मी दात मोजत बसले.

"आवं वैनी, मी हाय न्हवं? काय मोजताय?"

"तुम्ही आहातच, भाऊजी. मी आपली मोजते."

भंगारवाला हसला. "मोजू द्या की. ताई मोत्याचा हार घ्यायला आल्यात."

परतीच्या वाटेवर विश्रामबागेत दीर एका मित्राला भेटायला गेला. मी समोरच्या भांड्यांच्या दुकानाबाहेर, मशीननं नावं घालणाऱ्याकडे गेले. आमच्याकडे पातेल्यावर नाव घातल्याशिवाय ते वापरात काढत नाहीत. कार्याला भांडी इकडची तिकडे होतात; नाव असलं की घरी परत येतात. गॅरेजमध्येही माल इकडचा तिकडे होतो, एवढाच माझा विचार.

"मावशी, हे कुठलं भांडं?"

"लोखंडाचं. दात सोडून कडेला एक अक्षर घाला. दोन्हींवर."

दीर आला तेव्हा जोडी पुन्हा गोणपाटात बांधलेली होती. सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणून सांगितलं नाही.

जोडी त्यानंच बसवली, स्वतःच्या अंगणात, त्याच्या हौसेच्या जीपशेजारी. मजुरी विचारली तर म्हणाला, "घरच्याकडनं मजुरी घेऊ व्हय?" मला कौतुक वाटलं. पुढं फलटणकडे चिखलातल्या जीपच्या स्पर्धेत त्याला ढाल मिळाली. पेढे घेऊन आला. मीही खाल्ला.

ऐन पावसात वाडीचा उतार उतरताना मागून काडकन आवाज आला. जीपमध्ये मुली होत्या. एकीचं प्रॅक्टिकल होतं. ब्रेक लागले म्हणून वाचलो. मुली चिखलातून चालत गेल्या आणि तिचं प्रॅक्टिकल बुडालं.

साताऱ्याच्या गॅरेजवाल्यानं झाकण खोललं. क्राउन एका नंबरची, पिनियन दुसऱ्या. तेलात दिसत नसेल म्हणून मी कडा फडक्यानं पुसली. पुन्हा पुसली. माझं अक्षर कुठंच नव्हतं.

तिथून पाना घेऊन सरळ दिराच्या अंगणात गेले.

"भंगारवाल्यानं फसवलं आसंल वैनी. लय चोर जात ती."

"तुमच्या जीपचं झाकण खोला, भाऊजी."

"आत्ता? कशापायी?"

"तुम्ही खोला, नाहीतर मी खोलते."

मीच खोललं. तेल अंगणात सांडलं. कडेवर माझं अक्षर होतं, जसंच्या तसं.

तो सांडलेल्या तेलावर पायानं माती लोटू लागला. मग म्हणाला, "स्पर्धेपुरती घातली व्हती. परत देणारच व्हतो. तुमची जीप काय, रोज वाडीलाच तर जाती."

मोडलेल्या एक्सलपेक्षा हे वाक्य जास्त लागलं. त्याच्या चिखलाला अस्सल जोडी, आणि वाडीच्या मुलींना उरलंसुरलं. जोडी मी तिथंच काढून घेतली.

घरी नवऱ्याला सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तुझा त्याच्यावर आधीपासून संशय होता?" दुसऱ्या दिवशी सासूबाईंनीही तेच विचारलं. ज्यांच्या स्वयंपाकघरात नावाशिवाय एक वाटी नाही, त्या सासूबाईंनी. जोडी कुणी बदलली, हे कुणीच विचारलं नाही.

प्रॅक्टिकल बुडालेल्या मुलीच्या वडिलांकडे मी स्वतः गेले. गाडी दुरुस्त झाली, सोमवारपासून पाठवा, असं मी म्हटलं. का मोडली ते सांगितलं नाही. घराची अब्रू तेवढी मीच राखली. सोमवारी मुलगी आली.

एक्सलचं काम आता साताऱ्याच्या गॅरेजवाल्याकडेच देते. तो मजुरी घेतो, आणि मी तिथं उभी राहून करून घेते.