केळीच्या खोलीतलं चित्र

मी सातवीतून शाळा सोडलेला, कणकवलीकडचा बोर्ड रंगवणारा. सिनेमाच्या कामावर मला घेतलं ते ताईंनी, म्हणजे सेट सजवणाऱ्या बाईंनी. सिनेमा जुन्या काळातला: परदेशात राहून उपाशीपोटी चित्रं काढणारे आपले लोक, आणि त्यांच्या चित्रांच्या नकला विकणारा एक जण. शूटिंग तोरणमाळला, आमची रंगाची कामं खाली ब्राह्मणपुरीत, एका शेतकरीबाबांच्या मळ्यात.

ताईंचे वडील तरुणपणी पॅरिसला होते. त्यांचं तिथलं, नदीचं, एकच चित्र उरलेलं. ते ताईंनी माझ्याजवळ ठेवलं. "याच्या पाच नकला कर. जुन्या दिसायला हव्यात."

ताईंच्या हाताखालची डिग्रीवाली पोरं हसली. "ताई, बोर्डवाला खाली मोबाइल नंबर टाकेल हं!"

नकला झाल्या, पण जुन्या दिसेनात. शेतकरीबाबा म्हणाले, "कोऱ्या दिखी ऱ्हायन्यात, भाऊ. मन्ही केळीनी खोलीमा ठेव. दोन दिनमा म्हाताऱ्या व्हई जातीन." केळी पिकवायला ते त्या खोलीत धूर कोंडायचे.

व्हरांड्यात पाच चित्रं दिसली. पाचही नेऊन आत लावली. पाचवी नक्कल माझ्या खोलीत वाळत होती, हे दोन दिवसांनी दार उघडताना आठवलं. मी एकेक चित्र उलटून पाहिलं. चारांच्या चौकटीला नव्या पिना. एकाचे खिळे गंजलेले.

आईला काय सांगू, पुन्हा हाकलला म्हणून?

तरी ताईंना बोलावलं. "ताई, तुमच्या बाबांचं चित्र आत गेलं. चूक माझी."

त्या धावत आल्या. दाराजवळचं, सगळ्यात कमी काळवंडलेलं चित्र उचलून त्यांनी छातीशी धरलं. "वाचलं रे. हे वाचलं."

ते माझं होतं.

गप्प राहिलो असतो तर कुणाला कळलं नसतं. त्या रडत होत्या, सुटल्यासारख्या. मी कोपऱ्यातलं काळं पडलेलं चित्र आणून त्यांच्यासमोर उलटं धरलं. गंजलेले खिळे दाखवले.

त्यांनी माझी नक्कल भिंतीला टेकवली आणि त्या ओढणीच्या टोकानं वडिलांच्या चित्रावरची काजळी पुसू लागल्या. आकाश थोडं निघालं, नदी नाही निघाली.

"कापूस आण," त्या म्हणाल्या. "आणि बस इथे. हळू हातानं कसं पुसायचं ते बघून ठेव."

मी बसलो. वर्ष झालं, अजून त्यांच्याच हाताखाली आहे. ते चित्र त्यांच्या घरी आहे, नदी तशीच काळी. तिथे गेलो की मी त्या भिंतीकडे पाठ करून बसतो, आणि ताई दर वेळी माझी खुर्ची चित्राकडे फिरवून ठेवतात.