तोंड दिसलं पाहिजे

साठच्या दशकात एका पावसाळ्यात आमच्या मार्गासनी गावात मुंबईच्या एका मोठ्या स्टुडिओची माणसं आली. त्यांना भातलावणीचं गाणं घ्यायचं होतं, आणि गावात नेमकं आमचंच एक खाचर लावायचं उरलं होतं. वडील पाहुण्याला नाही म्हणणाऱ्यातले नव्हतेच. आईने मात्र आधी विचारलं, "रोपं मोडनार न्हाईत न्हवं?" बांधावर रोपांच्या शेवटच्या मुठी होत्या. त्या वाया गेल्या असत्या तर खाचर वर्षभर तसंच पडलं असतं.

लावणी मागं मागं सरत करतात, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. पाठीवर पावसासाठी इरलं घ्यायचं, कमरेत वाकायचं, रोप पुढ्यात रोवायचं आणि पाय मागच्या मोकळ्या चिखलात टाकायचा. कॅमेऱ्याला दिसली ती नुसती इरल्यांची रांग. दिग्दर्शक साहेब बांधावरून म्हणाले, "मावशी, पुढं पुढं या. मान वर करा. तोंड दिसलं पाहिजे."

दोघी शेजारणी हसत पुढं आल्या. एकेक रोप लावायचं आणि त्याच्यावरच पाय देऊन पुढचं लावायचं, असं चाललं. आई ताठ उभी राहिली.

"सायब, तोंड बगायचं आसंल तर घरी या, चा टाकते. हितं भात बगायचं. लावल्या भातावर म्या पाय देनार न्हाई."

एवढं बोलून ती चिखलात दबलेली रोपं एकेक करून उभी करायला लागली. मी तेव्हा सातवीत होते. गावात सिनेमा येतो काय आणि माझीच आई आडवी जाते काय! मला तिची भयंकर लाज वाटली. साहेब माणूस वाईट नव्हता, हसला. "राहू दे, स्टुडिओत करू," म्हणाला, आणि चार इरली मागून घेऊन गेला. त्यातलं एक आईचं होतं, निळ्या दोऱ्याने सांधलेलं.

पुढच्या वर्षी तो सिनेमा भोरला तंबूत लागला, तेव्हा आम्ही सगळी गेलो. सुरुवातीला स्टुडिओचं चिन्ह आलं तर लोकांनी त्यालाच टाळ्या दिल्या. मग गाणं. मागं कापडावर रंगवलेला डोंगर, खाली बेताचा चिखल, आणि नायिका हनुवटी वर करून पुढं पुढं येत लावणी करतेय. पाठीवर निळ्या दोऱ्याचं इरलं.

"इरलं माजं हाय," आई म्हणाली. "पन ही बया समदं तुडवीत आली की गं."

"आई, गप बस ना," मी म्हटलं. मला ती नायिका लई आवडली होती.

पुढं मी मास्तरीण झाले, चार बुकं वाचली. सातासमुद्रापलीकडच्या स्टुडिओंनी शेडमध्ये अख्खी गावं उभी केली, दिव्यांचं ऊन पाडलं आणि ज्याचं तोंड त्या उजेडात तोच माणूस, असं ठरवून टाकलं. त्यांचं बघून आपले शिकले, देशोदेशीचे शिकले. मला वाटायचं, मी हे सगळं नुसतं वाचतेय.

सत्तरच्या दशकात वेल्ह्याकडच्या शाळेत असताना मी स्नेहसंमेलनात भातलावणीचा नाच बसवला. मुठींच्या जागी गवताच्या जुड्या. तालमीत एक पोर सारखी मागं सरायची. मी तिच्यावर खेकसले, "मागं कुठं चाललीस? पुढं ये. तोंड दिसलं पाहिजे." त्याच पावसाळ्यात त्या पोरीने घरचं खाचर लावलेलं होतं.

कार्यक्रमाला आई आली होती. पोरी हसत पुढं आल्या, टाळ्या पडल्या. लोक उठल्यावर पाहते तर आई स्टेजवर वाकून तुडवलेल्या जुड्या गोळा करत होती. "पोरी ग्वाड दिसल्या," म्हणाली. "पन तू तर खाचरातली हायेस गं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी वर्गात त्या पोरीला सगळ्यांदेखत सांगितलं, तुझंच बरोबर होतं बाई, चुकले मी.

पुढच्या वर्षी नाच पुन्हा बसवला. पोरी पाठमोऱ्या, वाकलेल्या, एकेक जुडी ठेवत लोकांकडं मागं मागं सरत आल्या. एकीचंही तोंड दिसत नव्हतं. लोक चुळबुळायला लागले, आणि मागून कोणीतरी ओरडलं, "आरं, तोंडं तरी दावा की!"

पुढच्या रांगेतली आई वळली.

"गप बस," ती म्हणाली. "भात बग."