सगळ्यांना ‘बरोबर आहे’ म्हणणारे गृहस्थ

धाकट्या भावाच्या मानसिक उपचारांसाठी पिंपरीच्या दवाखान्यात जायला लागल्यापासून मी तिथल्या सोशल वर्करना ओळखतो. डॉक्टर, समुपदेशक मॅडम आणि आम्ही घरचे, या सगळ्यांचा मेळ घालायचं काम त्यांचं. पण हे गृहस्थ करतात काय, तर मान हलवतात. डॉक्टर म्हणाले, गोळी वाढवू. “बरोबर आहे.” मॅडम म्हणाल्या, गोळीनं तो दिवसभर पेंगतो. “बरोबर आहे.” हा माणूस नक्की कुणाच्या बाजूचा, तेच मला कळेना.

परवा सगळे एकत्र बसलो. भाऊ चाकणला प्रेस मशिनवर काम करतो. पेंगत काम केलं तर बोटं जातील, म्हणून त्यानं घरीच बसावं असा मी हट्ट धरला. डॉक्टरांना पटलं, मॅडमनाही पटलं. हे मात्र मान हलवेनात. आपली खुर्ची भावाजवळ सरकवून म्हणाले, “भावा, तू सांग.”

भाऊ स्वतःच्या चपलांकडे बघत म्हणाला, “मशिन नको तर नको, झाडू मारीन. पण दादा, मला कंपनीत जाऊ दे. घरी सगळे माझ्याकडंच बघत बसतात.”

डॉक्टरांनी यांच्याकडे पाहिलं, मॅडमनी पाहिलं. हे माझ्याकडे बघत राहिले. आणि माझ्याच तोंडून निघून गेलं, “बरोबर आहे.”

आता सकाळी त्याला कंपनीच्या बसमध्ये बसवतो आणि दिवसभर जीव फोनमध्ये अडकलेला असतो. होकार मी दिला, की त्या माणसानं तो माझ्याकडून काढून घेतला, हे अजून उमगत नाही.