सेल्फ कोणी जाळला

पिकअपचा सेल्फ, म्हणजे स्टार्टर, मी जाळला, असं माझ्या भासऱ्यांनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावानं, गावभर सांगून टाकलं. फक्त मला सांगितलं नाही. आमच्या घरात भासरे भावजयीशी थेट बोलत नाहीत. जे काही बोलायचं ते नवऱ्याला उद्देशून, मग भलेही मी समोर भाकऱ्या थापत बसलेली असेन. "तिले सांग, सेल्फ असा मारत नसते," असं ते म्हणायचे आणि नवरा माझ्याकडे तोंड करून तेच पुन्हा म्हणायचा. जणू मी बहिरीच होते. लग्न झाल्यापासून हे चाललं होतं आणि मी ते गिळत होते.

गाडी जुनी, डिझेलची. नवऱ्याची नजर अधू झाली तेव्हा ती मी शिकले. वांगी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर भरून नालवाडी आणि बोरगाव मेघेच्या गल्ल्यांमधून विकते. त्याआधी टोपली घेऊन एसटीत चढायचे, कंडक्टरची बोलणी खायचे आणि उरलेला माल मिळेल त्या भावात टाकून परत यायचे. पिकअप हातात आल्यावर पहिल्यांदा मी माझ्या वेळेवर निघू लागले, माझ्या वेळेवर घरी येऊ लागले. हे सुख भासऱ्यांना कधी पाहवलं नाही.

दसऱ्यानंतर गाडीनं त्रास द्यायला सुरुवात केली. चावी फिरवली की कधी पहिल्या झटक्यात चालू, कधी नुसतं 'टक'. एकदा बोरगावात भर रस्त्यात अडले. चार लोक जमले. "बाई, उतरा तुमी, तुमच्यानं नाई होत," म्हणत एकानं मला खाली उतरवलं, स्वतः बसून तेच 'टक' काढलं आणि मग धक्का मारायला लावून वरून मलाच अक्कल शिकवली. पालकाची जुडी त्याच्या तोंडावर मारावी असं वाटलं होतं. अजून वाटतं.

एका मिस्त्रीनं सेल्फ बदलला. दुसऱ्यानं चावीचं स्विच बदललं. 'टक' तसंच राहिलं. दोघांनीही बॅटरी नवी आहे म्हणून सोडून दिली. मग एका रविवारी सकाळी भासरे अंगणात येऊन नवऱ्याला म्हणाले, "तिले सांग, आर्वीचा माणूस दुपारी गाडी पाहाले येऊन राह्यला. बाईमाणसाच्या हातात गाडी टिकत नाई. इकून टाकू."

"दादा कोणाचं आयकते का?" एवढंच नवरा मला म्हणाला. मला भासऱ्यांपेक्षा त्याचाच जास्त राग आला.

त्या दिवशी मी गॅस पेटवलाच नाही. खा म्हटलं काय खायचं ते. बॉनेट उघडलं, नवऱ्याला चावीवर बसवलं आणि मिस्त्रीकडे पाहिला होता तसा दोन वायरींचा एक बल्ब घेतला. आधी हेडलाइट लावून सेल्फ मारायला सांगितला. लाइट पार विझून गेला. म्हणजे सेल्फपर्यंत करंटच नीट पोचत नव्हता. मग बल्बच्या वायरी बॅटरीच्या शिशाच्या दोन खुंटांवर टेकवल्या आणि पुन्हा चावी फिरवायला लावली. बल्ब ठणठणीत. बॅटरीत काही खोट नव्हती. त्याच वायरी खुंटांवर आवळलेल्या टर्मिनलच्या कड्यांवर टेकवल्या, तर चावी फिरवताच बल्ब मेला. करंट मरत होता तो खुंट आणि टर्मिनलच्या मधे. तिथं मधे असून असून काय असणार?

तिथं नाडा होता. पूजेत मनगटाला बांधतात तो लाल-पिवळा दोऱ्याचा नाडा. दसऱ्याला नवी बॅटरी बसवताना भासऱ्यांनी तो मोठ्या भक्तीनं खुंटाभोवती गुंडाळला होता आणि त्यावरच टर्मिनल आवळलं होतं. वरून हळद-कुंकू, नारळाचं पाणी. सगळं चिकटून हिरवट पापुद्रा धरला होता. आता मला आठवलं. दोन्ही मिस्त्री तिथवर हात नेऊन मागे घ्यायचे. "पूजेचं हाये, आपण कशाले खोलाचं," असं एक जण म्हणालाही होता. देवाच्या धाकानं नाडा राहिला आणि बिचारा चांगला सेल्फ भंगारात गेला. आणि मी रोज निघताना त्याच बॉनेटला हात लावून पाया पडत होते!

विळ्यानं नाडा कापला, खुंट घासून चकचकीत केला, टर्मिनल आवळलं. गाडी एका झटक्यात चालू झाली. बंद केली, पुन्हा चालू केली. नवरा हसायला लागला. मला हसू येईना. रागानं बॉनेट आपटून बंद केलं आणि कापलेला नाडा त्यावर टाकला.

तेवढ्यात भासरे त्या माणसाला घेऊन आले. बॉनेटवर पडलेला नाडा पाहून त्यांचा चेहरा उतरला. "तिले विचार, देवाचा नाडा कापला काऊन?"

"दादा, नाड्यानंच गाडी अडत होती," नवरा म्हणाला. तेवढं तरी बोलला.

आर्वीच्या माणसाला या कशाशी घेणंदेणं नव्हतं. त्यानं केबिनमधे बसून गाडी चालू केली, कान लावून ऐकली आणि खूश होऊन म्हणाला, "गाडी तं मस्त हाये. घेतो मी."

बिघडलेली गाडी माझी होती. दुरुस्त झाल्याबरोबर ती विकायच्या लायकीची झाली. मी खिडकीतून हात घालून गाडी बंद केली आणि चावी काढून मुठीत धरली.

तेव्हा भासरे माझ्याकडे वळले. सरळ माझ्या डोळ्यांत बघत म्हणाले, "चावी दे."

इतक्या वर्षांत ते माझ्याशी पहिल्यांदा बोलले होते. मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नवऱ्याकडे वळले.

"तुमच्या दादाले सांगा," मी म्हटलं, "चावी भेटनार नाई."